प्याद्याचे एक घर : खेडच्या वाटेपासून कलकत्त्याच्या एका डावापर्यंत

१/
१८१७ चा डिसेंबर सरत आला होता. खडकीची लढाई हरलेला दुसरा बाजीराव जुन्नरकडून पुन्हा पुण्याच्या दिशेने उतरत चाकणला पोहोचला होता. जुन्नर आणि चाकण यांना जोडणाऱ्या वाटेवर, भीमेच्या काठी खेड आहे. म्हणजेच आजचे राजगुरुनगर. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाची लढाई झाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. राज्य बुडाले. पण त्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांतील एक लहानसा ऐवज आधीच मुंबईत छापून झाला होता, म्हणून तो टिकला. तो ऐवज बुद्धिबळाचा आहे. हा थ्रेड त्या पुस्तकाविषयी, आपल्या घरांतील जुन्या पटाविषयी आणि १८५५ मध्ये कलकत्त्यात झालेल्या एका डावाविषयी आहे.

२/
१८१४ मध्ये मुंबईत ते इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथ संस्कृत, नाव ‘विलासमणिमंजरी’, कर्ता त्रिवेंगडाचार्य शास्त्री. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच दोन गोष्टी सांगून टाकल्या आहेत. पहिली, हे बुद्धिबळाचे निबंध ‘युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले’ आहेत. दुसरी, त्यांत प्रामुख्याने पटावरील निवडक अवघड स्थिती दिल्या आहेत. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवती फिरतो.

३/
‘जुळवून घेतलेले’ का? कारण एकाच पटावर, त्याच बत्तीस मोहऱ्यांनी दोन वेगळे खेळ चालत होते. एक युरोपातील, ज्याचे नियम आज जगभर आहेत. दुसरा आपल्याकडचा, जो वाड्यांच्या ओसरीवर, देवळांच्या पारावर आणि फौजांच्या तळांवर खेळला जाई. त्याचे नियम प्रांतागणिक, कधी गावागणिकही बदलत. तरीही त्याचा एकंदर तोंडवळा ओळखता येतो.

४/
या जुन्या देशी डावात किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह मिळण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा हवा तो मोहरा करता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या रांगेतून ते पुढे गेले, तोच मोहरा ते होई. हत्तीच्या रांगेतले प्यादे हत्ती, घोड्याच्या रांगेतले प्यादे घोडा. राजाच्या आणि वजिराच्या रांगेतल्या प्याद्याचा मात्र वजीर होई. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाई.

५/
नियम गेले, पण भाषेने ते जपून ठेवले आहेत. वजिराला पूर्वी फर्जी म्हणत. ‘प्याद्याचा फर्जी होणे’ हा वाक्प्रचार तिथून आला. एखाद्याची पुरती फजिती झाली की आजही ‘प्यादेमात झाली’ असे म्हटले जाते, कारण सर्वांत लहान शिपायाकडून राजा पडणे ही हरणाऱ्याची मोठीच नामुष्की होती. शह-काटशह, मात करणे, अडीच घरांची चाल हे शब्द ज्यांनी पटाला कधी हात लावला नाही, त्यांच्याही तोंडी असतात.

६/
आणि या पटाची लेखनपरंपराही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे वर्णन येते. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने आपल्या ‘नीतिमयूख’ या राजनीतीच्या ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली. त्यात घोडा पटावरील प्रत्येक घरात एकेकदाच कसा फिरवावा, याचेही विवेचन आहे. राजनीतीच्या ग्रंथात बुद्धिबळ येते, यावरून हा केवळ वेळ घालवण्याचा खेळ मानला जात नव्हता हे दिसते.

७/
आता या थ्रेडच्या केंद्रस्थानी असलेला नियम. युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा पंधराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. आपल्याकडे सर्वसाधारण रीत एकच घर पुढे जाण्याची होती. काही ठिकाणी मोजक्या प्याद्यांना दोन घरांची सवलत असे, तीही अटींसह. फरक अवघ्या एका घराचा आहे. पण त्या एका घराने डावाची सुरुवातच पालटून जाते.

८/
ते कसे? युरोपीय डावात पहिल्याच चालीत दोन्हीकडची प्यादी पटाच्या मध्यावर समोरासमोर ठाकतात आणि चार-पाच चालींतच झटापट सुरू होते. प्यादे एकच घर चालणार असेल, तर पहिल्या काही चाली दोन्ही सैन्यांची गाठच पडत नाही. मग घाई कशाची? खेळाडू आपापल्या मुलखात रचना करतो. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो, रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवतो, आणि तो उंट तिथून पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी नजर ठेवतो. तटबंदी आधी आणि चढाई नंतर, हा त्या खेळाचा स्वभाव होता.

९/
युरोपातील तज्ज्ञांच्या दृष्टीने ही सुरुवात भित्री होती. मध्य आपल्या ताब्यात ठेवणे हा त्यांचा पहिला धडा होता. एकोणिसाव्या शतकात या दोन स्वभावांची गाठ पडली ती कलकत्त्यात.

१०/
एका बाजूला जॉन कॉक्रन. जन्म १७९८ चा, पेशाने बॅरिस्टर. १८२१ मध्ये पॅरिसला जाऊन तो देशापेल आणि ला बूर्दोने या त्या काळच्या अग्रगण्य फ्रेंच खेळाडूंशी खेळून आला होता. पुढे भारतात येऊन कलकत्त्यात त्याने वकिली केली. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडला परतला असताना हॉवर्ड स्टाँटनशी त्याने शेकडो डाव खेळले. चढाईखोर खेळाडू म्हणून तो प्रसिद्ध होता. घोडा देऊन राजाला उघड्यावर आणणारी एक सुरुवात आजही ‘कॉक्रन गँबिट’ म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जाते.

११/
दुसऱ्या बाजूला महेशचंद्र बंद्योपाध्याय. त्याच्याविषयी फार थोडी माहिती उरली आहे. कलकत्त्याबाहेरच्या मुलखात कोणाकडूनही न हरलेला एक ब्राह्मण आहे, अशी वार्ता कॉक्रनच्या कानी आली आणि त्याने त्याला गाठले, अशी हकिगत १८५० मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ-मासिकात छापून आली. महेशचंद्र देशी नियमांनी खेळत मोठा झाला होता. कॉक्रनसमोर बसून त्याने युरोपीय नियम आत्मसात केले. १८४८ पासून पुढे बारा-एक वर्षे दोघे एकमेकांशी खेळत राहिले आणि त्या डावांची संख्या शेकड्यांत गेली.

१२/
या डावांपैकी एक मे १८५५ मधला आहे. कॉक्रनकडे पांढरी मोहरी, महेशचंद्राकडे काळी. कॉक्रनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे काढून डी-४ ला ठेवले. महेशचंद्राने राजाच्या बाजूचा घोडा एफ-६ ला आणला. कॉक्रनने दुसरे प्यादे सी-४ ला आणले. महेशचंद्राने घोड्यापुढचे प्यादे जी-६ ला सरकवले, म्हणजे बरोबर एक घर. कॉक्रनचा घोडा सी-३ ला आला. इथवर जे दिसते, ते देशी पटावरचे जुनेच वळण आहे. उंटासाठी खिडकी उघडली जात आहे.

१३/
आणि मग तिसऱ्या चालीला महेशचंद्राने वजिरापुढचे प्यादे डी-५ ला आणले. ही एका घराची चाल नव्हे, दोन घरांची. सर्वसाधारण देशी नियमांत जिला वाव नव्हता, अशी चाल. कॉक्रनच्या मध्यावर त्याने थेट हात घातला. पुढे उंट जी-७ ला गेला आणि पाचव्या चालीला त्याने किल्लेकोट केला. ही सोयही देशी खेळात नव्हती.

१४/
म्हणजे पाच चालींत दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या. जी-६ चे एक घर घरून आले होते. डी-५ ची दोन घरे आणि किल्लेकोट नव्याने शिकलेले होते. पुढच्या चालींत हा विचार आणखी स्पष्ट होतो. कॉक्रनने डी-५ चे प्यादे मारले. महेशचंद्राने ते घोड्याने परत घेतले, सातव्या चालीला सी-३ वरील घोड्याशी घोड्याची अदलाबदल केली आणि आठव्या चालीला सी-५ ला प्यादे आणून पांढऱ्याच्या मध्यावर दुसरा घाव घातला. मध्य प्रतिस्पर्ध्याला बांधू द्यायचा, आणि मग दुरून उंटाने व जवळून प्याद्यांनी तो पोखरायचा, असा हा बेत होता.

१५/
हाच बेत सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने मोठ्या स्पर्धांत खेळला. त्याच वर्षी त्याने अलेखाइनला, पुढे जगज्जेता झालेल्या खेळाडूला, याच सुरुवातीने हरवले. तेव्हापासून ही सुरुवात ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून ओळखली जाते. त्या वळणाचा ज्ञात असलेला सर्वांत जुना डाव मात्र कलकत्त्याचा आहे.

१६/
तो डाव महेशचंद्र हरला, हेही सांगितले पाहिजे. तेराव्या-चौदाव्या चालीपर्यंत त्याची स्थिती भक्कम होती. मग त्याने एफ-८ वरील हत्ती ई-८ ला नेला आणि राजाजवळच्या एफ-७ या घरावरचा पहारा ढिला पडला. कॉक्रनचा वजीर बी-३ वरून त्याच घरावर टपून होता. सतराव्या चालीला कॉक्रनचा घोडा जी-५ ला आला. महेशचंद्राने धोका न ओळखता ई-२ वरचा उंट मारला. अठराव्या चालीला घोडा एफ-७ वर कोसळला. महेशचंद्राने आपला घोडा ए-५ ला नेऊन वजिरावर रोख धरला. पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या तीन चालींत मात अटळ होती. घोड्याचा दुहेरी शह, मग जी-८ वर वजिराचे बलिदान, आणि शेवटी आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात.

१७/
पराभवामुळे सुरुवातीचे मोल कमी होत नाही. कॉक्रनने डाव जिंकला तो मधल्या टप्प्यातील चुकीमुळे. जी-६ च्या वळणानेच खेळलेल्या दुसऱ्या एका डावात महेशचंद्राने वजीर हातचा जाऊ दिला, बदल्यात मिळालेल्या लहान मोहऱ्यांनी आणि पुढे घुसलेल्या प्याद्याने कॉक्रनची फळी मोडली आणि डाव जिंकला. जिला भित्री म्हटले गेले, त्या रचनेत किती धार होती, हे त्या डावात दिसते.

१८/
१८८४ च्या सुमारास ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव छापील मजकुरात दिसू लागते आणि ते महेशचंद्राच्या खेळावरूनच पडले, असे मानले जाते. पुढे त्याच्या शाखा झाल्या : किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. म्हणजे देशाचे नाव राहिले. कॉक्रनचे नाव एका सुरुवातीला मिळाले, ग्रुनफेल्डचे दुसरीला. ज्याच्यामुळे ‘इंडियन’ हा शब्द आला, त्याचे नाव मात्र कोणत्याच सुरुवातीला नाही. इंग्रजी नोंदींत तो पुष्कळदा नुसता ‘ब्राह्मण’ आहे; जिथे नाव आहे, तिथे त्याची वर्णरचना दरवेळी वेगळी आहे.

१९/
इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘ग्रुनफेल्डने आपली चाल चोरली’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही. १९२० च्या दशकातील युरोपीय खेळाडू स्वतःच्या मार्गाने त्याच विचारापर्यंत पोहोचले असू शकतात. तसेच ‘ही शुद्ध भारतीय सुरुवात’ असेही म्हणता येत नाही, कारण तिच्यातली निर्णायक डी-५ ची चाल युरोपीय नियमांशिवाय शक्यच झाली नसती. महेशचंद्राचे श्रेय वेगळे आहे. दोन नियमांच्या सीमेवर बसून त्याने घरची सवय टाकून दिली नाही आणि परके हत्यारही नाकारले नाही.

२०/
आता १८१४ च्या त्या मुंबईच्या पुस्तकाकडे परत यावे. त्रिवेंगडाचार्य शास्त्रीही त्याच सीमेवर उभा होता. त्याने आपली विद्या दुसऱ्या नियमांना जुळवून मांडली. पण त्याचे पुस्तक प्रामुख्याने अवघड स्थितींचे आहे : डाव इथवर आला आहे, आता मात कशी कराल? आपल्या परंपरेने जपले ते असे कूट प्रश्न आणि घोड्याची भ्रमंती. पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत संपूर्ण डाव लिहून ठेवण्याची रीत रुजली नाही. साहजिकच डावाची सुरुवात कशी होत असे, हे आपल्याला आपल्या कागदांतून फारसे कळत नाही.

२१/
महेशचंद्राच्या सुरुवाती आपल्याला ठाऊक आहेत, कारण समोर बसलेला बॅरिस्टर आणि त्याच्या भोवतीची मंडळी चाली टिपत होती आणि त्या लंडनला पाठवल्या जात होत्या. म्हणजे या इतिहासाचा साक्षीदार एकच आहे आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा आहे. छापण्यासाठी डाव निवडले तेही त्याच बाजूने. पुण्यात, जुन्नरला, खेडला ज्यांनी आयुष्यभर पट मांडला, त्यांच्यासमोर असा लेखणी घेतलेला कोणी बसला नाही. त्यांतही एखादा महेशचंद्र असेल. त्याचे डाव सोंगट्या पिशवीत भरताच संपले.

२२/
जुन्या सवयीची किंमत काय असते, हे पंजाबच्या मीर सुलतान खानाने दाखवून दिले. तोही देशी नियमांत वाढला आणि १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. डावाच्या सुरुवातीत तो कच्चा आहे, असे जाणकार म्हणत. त्यात तथ्य होते. छापील सुरुवातींचा अभ्यास त्याला मिळाला नव्हता. पण ज्या संथ रचनेला ते कच्चेपणा म्हणत, तिच्यामागे एका संपूर्ण खेळाचे व्याकरण होते.

२३/
आपल्याकडे देशी पट एका दिवसात उठला नाही. विसाव्या शतकात स्पर्धा, मंडळे आणि आंतरराष्ट्रीय नियम आले, तसा तो मागे सरत गेला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. एक नियम झाला म्हणून देशभरचे आणि नंतर जगभरचे खेळाडू एकमेकांशी खेळू शकले. हा लाभ लहान नाही. तोट्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

२४/
आज राजगुरुनगर, चाकण किंवा भोसरीतला एखादा विद्यार्थी मोबाइलवर डाव मांडतो, जी-६ ला प्यादे सरकवतो आणि पडद्यावर इंग्रजीत ‘किंग्ज इंडियन’ किंवा ‘ग्रुनफेल्ड’ असे नाव उमटते. त्याच घरात कदाचित एखादे आजोबा असतील, ज्यांना प्यादे एकच घर चालणारा, राजाची घोडाचाल असणारा डाव अजून आठवतो. तो डाव त्यांच्याकडून एकदा पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत खेळून घ्यावा आणि चाली वहीत उतरवून ठेवाव्यात. गावाचे नाव, खेळणाऱ्यांची नावे आणि तारीख यांसह.

(समाप्त)